अंगावरचा एक दिवस

आधीच सांगून टाकते, मी लहानीवर रागावले होते आणि माझा राग खोटा नव्हता. कोणी मला शहाणपण शिकवायला आलं, तर मी त्याला पयलं विचारीन, तुझं रोप शेतात पिवळं पडत होतं काय? माझं पडत होतं.

मी सुंदरा. आमची उंबरवाडी शहापूरपासून एसटीनं पाऊण तास, आणि फाट्यावर उतरून डोंगराकडं अर्धा तास चालत. खाली वेळशेत गाव. पक्की घरं, देऊळ, टाकी, पंचायत सगळं तिकडं. गावाच्या अंगाला बौद्धवाडी. वर आमी ठाकरं, आदिवासी. कागदावर तिघांची पंचायत एकच.

लहानी आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन वाडीत आलो. शेताला शेत लागून. माझी पयली पोर झाली तेव्हा तिनंच मला सात दिवस आंघोळ घातली. भांडायचो पण तसंच. ती रागावली की बोलायची नाय, आणि मी रागावले की गप्प बसायची नाय, त्यामुळं आमचं जमायचं.

आवणीला आमच्यात मजूर लावत नाय, सावड असते. आज सात बायका माझ्या शेतात रोप लावायला, उद्या त्याच सात हिराबाईच्या, परवा लहानीच्या. ज्यानं त्यानं आपला दिवस परत करायचा. पण आमच्या वाडीची एक रीत हाय. सावड कधी पुरी फेडायची नाय. एखादा दिवस कोणाच्या ना कोणाच्या अंगावर राहू द्यायचा. सासूनं मला पयल्याच पावसाळ्यात सांगितलं होतं, "सगळे दिवस फेडून टाकलेस, तर पुढल्या वर्षी कोणत्या तोंडानं हाक मारशील गो?" अंगावर दिवस हाय म्हणजे येणंजाणं हाय. फेडून मोकळं व्हायचं ते परक्याशी.

आता मोरूशेठचं सांगते. आजा पोलीसपाटील, बाप सरपंच, हा पण दोनदा सरपंच. विटांच्या भट्ट्या, तीन डंपर, फाट्यावर ढाबा. मग कायदा आला की आमच्या भागात सरपंच आदिवासीच पायजे. गावाला वाटलं शेठ संपला. कसला संपतोय! तेव्हापासून तो उपसरपंच होतो आणि सरपंच आमच्या वाडीतून उचलतो. उचलतो म्हणजे बाजारात वांगी बघावी तसा, मऊ लागला की पिशवीत. लहानीच्या आधी कोंडू पाच वर्षं सरपंच होता. पाच वर्षांत त्यानं पंचायतीचं कपाट उघडून बघितलं नाय. शेठच्या पडवीच्या पायरीवर बसायचा, कागद यायचा, सही करायचा, चहा प्यायचा. आमचे कप त्या घरात मागच्या दाराच्या कोनाड्यात वेगळे असतात. कोंडू सरपंच झाला तरी कप कोनाड्यातलाच.

मग सरपंचपद बाईला राखीव झालं. शेठनं लहानीला उभं केलं. "तू फक्त बस," असं बोलला तिला, "काम आमी बघू." महादू, तिचा नवरा, मुरबाडला एका कंपनीत हमालीला जातो, त्याला बरंच वाटलं. दीड वर्षं लहानी तशीच बसली. पण शेठची एक चूक झाली. लहानी आश्रमशाळेत सातवी शिकली हे त्यानं विचारलंच नाय. ती अक्षराखाली बोट धरून वाचते, सावकाश, ओठ हलवत. पण वाचते.

एक दिवस आमी पाच बायका नळाचं गाऱ्हाणं घेऊन तिच्यासोबत शेठकडं गेलो होतो. आमी सवयीप्रमाणं पायरीवर बसलो. शेठनं आतून कागद आणला, "लहाने, हिथं सही कर" बोलला. आणि अगो बाय! लहानी पायऱ्या चढली, पडवीत गेली, शेठच्या समोरची वेताची खुर्ची ओढली आणि बसली. मांडीवर कागद ठेवून वाचायला लागली.

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. अभिमानाचा नाय, भीतीचा. आमच्या सात पिढ्यांत त्या पडवीत कोणी बूड टेकलं नव्हतं. मीच खालून दबक्या आवाजात ओरडले, "लहाने, खाली ये गो! डोकं फिरलं काय?" हिराबाईनं पदर तोंडावर घेतला. शेठच्या घरातली माणसं दारात येऊन बघत राहिली. आत कुठं तरी कुकरची शिट्टी झाली आणि तेवढाच आवाज.

लहानीनं पानभर वाचलं. मग बोलली, "शेठ, ह्याच्यात कोंबडमाळ लिवलाय."

कोंबडमाळ म्हणजे आमच्या वाडीच्या पाठीमागचा माळ. आमची गुरं तिथं, आमची मढी तिथं पुरलेली, आणि माळाच्या पायथ्याला झरा. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत वाडीला पाणी फक्त त्या झऱ्याचं. मुंबईच्या कोणाला तिथं रिसॉर्ट बांधायचं होतं, आणि पंचायतीची हरकत नाय असा दाखला पायजे होता.

"सरकारी जागा हाय, तुझ्या बापाची हाय काय?" शेठ हसत बोलला.

"मढी माझ्या बापाची हायत," लहानी बोलली. कागदाची घडी केली, खुर्चीच्या हातावर ठेवली आणि खाली उतरली. "ह्याच्यावर मी सही नाय करणार."

वाटेनं आमी तिच्याशी धड बोललो पण नाय. आमालाच कसंतरी झालं होतं. वाडीत संध्याकाळपर्यंत झालं, "लहानी खुर्चीवर बसली." माळाचं कोणी बोललं नाय. खुर्चीचंच बोलत होते.

तिथून तिच्यामागं तारखा लागल्या. आज शहापूर तहसील, उद्या पंचायत समिती, परवा ठाणे. बौद्धवाडीतली मेघा तिच्यासोबत जायची. मेघा आटगाववरून रोज लोकलनं कल्याणला हापिसात जाते, शिकलेली पोर. ती अर्ज लिवायची, लहानी सही करायची. माळ आणि झरा वाडीच्या नावानं करून घ्यायचं चाललं होतं. साहेबानं श्रावणातली तारीख दिली होती. तोवर लहानी सरपंच राहिली की झालं, एवढंच होतं. आमाला सगळ्यांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी खोटं बोलणार नाय.

पण आवणी थांबते काय? गेल्या साली लहानी माझ्या शेतात आली नाय. एक दिवस अंगावर, ठीक हाय, रीतच हाय. ह्या साली आमी सात जणी पयल्या तिच्या शेतात गेलो, दिवसभर वाकून लावून दिलं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. सकाळी बघते तर ही बाई चप्पल घालून, पिशवी काखेत, फाट्याकडं निघालेली!

"सुंदरे, आज तारीख हाय गो," लांबूनच बोलली, "तुझे दोन दिवस झाले, मी देते."

"कधी देतेस? भात कापायला?" मी बोलले. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ती हसली आणि एसटीची वेळ झाली म्हणून पळाली. तिथंच मला लागलं. हसली म्हणून.

त्यात घरकुलाचं झालं. मी तिला बोलले, माझं कूड पडायला आलंय, माझं नाव वर घे. तर मला यादी काढून दाखवते! "तुझा नंबर सतरावा हाय. सोळा घरं झाल्यावर तुझंच." अगं, मी तुझी बाळंतपणातली मैत्रीण, आणि तू मला नंबर सांगतेस? सरपंच आपल्या माणसाचं करत नसेल तर तो आपला कसला? मी असंच बोलले तिला. ती गप्प. तिची सवयच ती.

आणि मी एकटी नव्हते. हिराबाईच्या पोरीच्या हळदीला ती उशिरा आली. सावडीतल्या हौसाला तिच्या चपलेचा राग. कोंडूला तर सगळ्याचाच राग. पाणवठ्यावर बायका तिची नक्कल करायच्या, बोट धरून ओठ हलवायच्या. मी पण हसले.

अशात मोरूशेठ वाडीत आला. चालत आला, गाडी खाली ठेवून. उभ्या जन्मात त्याचे पाय वाडीला लागले नव्हते. माझ्या ओटीवर आला आणि चटई टाकायच्या आत खाली मांडी घालून बसला. "सुंदराबाई, कशी हायस?" मला! आजवर मी त्याला "ए ठाकरीण" होते. मी चहा विचारला, तो पितो बोलला. माझ्या घरातल्या कपातून प्यायला, बशीत ओतून, फुर्र करून. शेजारच्या बायका कुडाच्या फटीतून बघत होत्या आणि, सांगायला लाज वाटते, मला त्यांनी बघितलं म्हणून बरं वाटत होतं.

"मी काय बाई, मोठा माणूस नाय," शेठ बोलला, "पण सावड मोडायची म्हणजे काय? तुमच्यातली रीत ती. तुमी तिच्या चिखलात वाकायचं, आणि तिनं तुमच्या डोक्यावर खुर्ची टाकायची?"

माझ्याच मनातलं बोलला तो. माझा घरवाला धाकलू नंतर बोलला, "माळासाठी आलाय तो." मी बोलले, "मला कळतंय." खरंच कळत होतं. तरी त्याचा कप मी दोन दिवस वेगळा विसळून ठेवला होता.

आठवड्यात अविश्वास आला. नऊ सदस्यांपैकी सात जणांनी सही केली, त्यांत आमच्या वाडीचे दोन. पण लहानीला लोकांनी थेट निवडलेलं, म्हणून शेवटचा निकाल ग्रामसभेत, चिठ्ठी टाकून. शाळेच्या पडवीत शहापूरचे अधिकारी बसले. चिठ्ठीवर दोन चौकोन. वरच्यात शिक्का मारला तर सरपंच काढा, खालच्यात मारला तर सरपंच राहू द्या. अधिकारी तीनदा ओरडून सांगत होता, कोणाची चूक व्हायला नको म्हणून. कोणाची चूक झाली नाय.

मेघानं रांगेतच हिशेब केला होता. गावातली एकशे बासष्ट आली होती, ती सगळी शेठची. बौद्धवाडीची अठ्ठावन्न. आमची वाडीची एकशे ब्याऐंशी. "वाडी आणि आमी मिळून आपण जास्त हाओत, मावशी," ती मला बोलली, "लहानीताई पडत नाय." तिनं रजा टाकली होती. बोलताना हसत होती.

मी आत गेले. शिक्का हातात घेतला. आणि माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते. एवढी वाडी हाय लहानीच्या पाठीशी, माझ्या एका चिठ्ठीनं तिला काय होतंय? पण दोन-चार कमी पडली तर तिला कळेल तरी. घरी येईल, विचारील, सुंदरे, काय चुकलं गो माझं? मग मी सांगीन. मग भांडू आणि मग सरळ होऊ. एवढंच पायजे होतं मला. मी वरच्या चौकोनात शिक्का मारला, घडी केली, पेटीत टाकली आणि बाहेर येऊन लहानीच्याच शेजारी बसले. तिनं मला पिशवीतून पाणी दिलं. मी प्यायले.

दुपारी मोजलं. अधिकारी उभा राहिला. "ठरावाच्या बाजूनं तीनशे एकोणतीस. विरोधात एकाहत्तर. बाद दोन. सरपंच पदावरून दूर."

पयलं कोणाला समजलंच नाय. हिराबाई बोलली, "म्हणजे राहिली ना?" मेघाचं तोंड पांढरं पडलं होतं. ती बोटं मोजत होती, शिकलेली पोर, बोटांवर. मग मोठ्यानं बोलली, सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशी, "आमची अठ्ठावन्न तिलाच हायत. मी एकेकाला विचारून उभं केलंय. एकाहत्तरमधून अठ्ठावन्न गेले तर तेरा. वाडीची तेरा?" तिनं आमच्याकडं बघितलं. "एकशे ब्याऐंशीतली तेरा?"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती अशी सरकते. मी हिराबाईकडं बघितलं, हिराबाईनं माझ्याकडं. हौसा पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. कोंडूचं तोंड उघडं ते उघडंच. अख्खी वाडी एकमेकांकडं बघत होती. प्रत्येकाला वाटलेलं की आपण एकटेच, बाकीचे हायत ना! हिराबाई माझ्या कानात बोलली, "मी नुसती हळदीचा राग म्हणून गो..." आणि तिला हुंदका आला. मी तिला चिमटा काढला की गप बस.

गावात फटाके वाजले. शेठ आमच्याजवळून गेला. मी, मूर्ख बाई, त्याच्याकडं बघितलं, वाटलं काही तरी बोलेल. तो वाटेतल्या बायकांना बोलला, "ए, सरका गो ठाकरणींनो, गाडी येऊ द्या." सरकलो आमी.

लहानी उठली. पंचायतीचा शिक्का कंबरेच्या पिशवीतून काढला, टेबलावर ठेवला, पिशवी झटकली आणि डोंगराच्या वाटेला लागली. आमी तिच्यामागून, बरंच अंतर ठेवून.

दुसऱ्या दिवशी मी आणि धाकलू शेतात होतो. उरलेलं रोप लावत होतो, ह्या गोंधळात सगळ्यांचंच राहिलेलं, पिवळं पडलेलं. बांधावर कोणी तरी उभं राहिलं. वर बघते तर लहानी. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पायात चप्पल नाय.

"मूठ दे," ती बोलली. मी रोपाची मूठ तिच्या हातात दिली. ती माझ्या शेजारी वाकली आणि लावायला लागली, तिचा हात पयल्यापासून भरभर. दिवसभर आमी दोघी एका ओळीत. मला शंभरदा वाटलं आता सांगावं. मी नुसती पुढली मूठ सोडत राहिले.

दुपारी भाकर खायला बसलो. चटणी पुढं करत ती सहज बोलली, "तेरातली एक तू हायस, मला ठाऊक हाय. म्हणून पयली तुझ्याकडं आले."

देवा, मी काय करू? धाकलूनं माझ्याकडं बघितलं आणि उठून बैलांकडं गेला. मी मान हलवली. होय अशी की नाय अशी, मला पण सांगता येणार नाय.

संध्याकाळी पाय धुताना मी बोलले, "लहाने, दुसरा दिवस राहू दे गो अंगावर. रीत हाय." ती बोलली, "बघू."

दुसऱ्या दिवशी आमी सगळ्या हिराबाईच्या शेतात. दुपारी भाकरीला बसल्यावर लहानीनं हिराबाईला कांदा फोडून दिला आणि बोलली, "तेरातली एक तू हायस, मला ठाऊक हाय." तोच आवाज, तेच शब्द. हिराबाईचं तोंड काळं ठिक्कर पडलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिसऱ्या दिवशी हौसाकडं तेच. सात शेतं, सात भाकरी, सातदा तेच वाक्य. तिला सगळं ठाऊक होतं. पयल्या दिवसापासून ठाऊक होतं. रडली असती, शिव्या दिल्या असत्या, माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. तिनं कोणाला तेवढी पण जागा ठेवली नाय.

पाचव्या दिवशी कोंबडमाळावर जेसीबीचा आवाज यायला लागला. आता सही उपसरपंचाची, शेठनं ती करायला दोन दिवस पण लावले नाय. तारेचे खांब झऱ्याच्या खालून गेले, झरा आत. आता पावसाचं सगळीकडं पाणी हाय, कोणाला कळत नाय. होळी झाल्यावर कळेल. मेघा आमच्या वाडीत आता येत नाय.

आठव्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. माझी आवणी कधीच संपली होती, शेत हिरवं झालं होतं. लहानी आली आणि सरळ माझ्या शेतात उतरली.

मी झाडू टाकून धावले. "लहाने, काम नाय गो काही! लावून झालं सगळं!"

"बांधावर गवत हाय," ती बोलली.

"राहू दे. माझ्या गळ्याची शपथ हाय, राहू दे तेवढा दिवस. पुढल्या साली ये. लहाने, ऐक, मी नव्हते त्या तेरात. मी वरच्या चौकोनात मारला. तुझ्या हसण्याचा राग आला होता मला, दुसरं काही नाय, आईशप्पथ दुसरं काही नाय." सगळं एका दमात बोलले मी, आठ दिवसांचं.

तिनं ऐकलं. खुरपं थांबलं नाय. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत तिनं माझ्या शेताचे चारी बांध साफ केले, एक काडी ठेवली नाय. मी तिला पाणी नेलं, ते तिनं घेतलं नाय, झऱ्याकडं जाणाऱ्या वाटेवर तार होती म्हणून ती ओहोळावर जाऊन प्यायली. मग हात धुतले आणि खुरपं माझ्या ओटीवर आणून ठेवलं.

"दोन झाले, सुंदराबाई," ती बोलली. "आता अंगावर काही नाय."

एवढ्या वर्षांत ती मला पयल्यांदा बाई बोलली.